हिरव्या अक्षरांतली माफी

माझ्या बाईला रडवलं. मला न विचारता, आणि तेही माझ्याच हिरव्या रंगात!

रविवारी जेवण उरकून मी लॅपटॉप उघडला, शेवटचं प्रकरण वाचलं आणि तळपायाची आग मस्तकात गेली. आम्ही चौघं मिळून फॅनफिक्शन लिहितो, म्हणजे दुसऱ्याच्या गोष्टीची आपल्या मनाने पुढची गोष्ट. लहानपणी टीव्हीवर एका बोटीची मालिका लागायची. ती अर्ध्यावर बंद पडली आणि बोट बिचारी भर समुद्रात राहिली. ती किनाऱ्याला लावायचं काम आम्ही सहा वर्षांपूर्वी अंगावर घेतलं: गणित शिकवणारे मास्तर, एक घड्याळं दुरुस्त करणारा, माझी वहिनी आणि मी. सगळे एकाच फाइलमध्ये लिहितात, प्रत्येकाचा रंग ठरलेला. प्रसंग कुणीही लिहावा, पण पात्राच्या तोंडचं वाक्य ज्याचं पात्र त्यानेच लिहायचं, आपल्या रंगात. दुसऱ्याच्या रंगाला हात लावायचा नाही. एवढा एकच नियम, आणि तो मास्तरांनीच केलेला.

माझं पात्र इंजिनवाली. मालिकेत ती नव्हतीच, मी घातली. पन्नाशीची, जाडजूड, फाटक्या तोंडाची. इंजिनघरात आग लागली तेव्हा कप्तानाने वरचं झाकण लावून घेतलं आणि बोट वाचवली. ही आत राहिली. जगली, पण कप्तानाला तिने माफ केलं नाही. एकेचाळीस प्रकरणं ती त्याच्याशी कामापुरतं बोलते. प्रकरणं आम्ही इंटरनेटवर टाकतो, तिथल्या वाचकांना ते खुपतं. 'किती कडू ही बाई', 'हिला कुणीतरी समजवा', असं खाली लिहितात. कप्तान मूळ मालिकेतला, देखणा, सगळ्यांचा लाडका. माझी बाई उपरी.

आता बेचाळिसाव्या प्रकरणात ती त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत होती.

मी मास्तरांना फोन लावला.

"अगं, शेवट गोड नको का?" ते म्हणाले. "किती दिवस तिने फुरंगटून बसायचं?"

"फुरंगटून? मास्तर, ती आत भाजत होती आणि तो वर झाकण दाबून उभा होता."

"त्याने बोट वाचवली."

"मग बोटीने करावं त्याला माफ."

"तू फार मनाला लावून घेतेस. छंद आहे हा."

"छंद आहे ना? मग तुमच्या कप्तानाला माफी मागायला लावा. एक ओळ. तुमच्या निळ्या रंगात."

मास्तर पुढच्या प्रकरणाचं बोलू लागले. सहा वर्षांत एवढी ओळ त्यांच्या हातून उतरली नाही, आणि माझ्या बाईचे हुंदके मात्र परस्पर लिहून मोकळे! मी तसं तोंडावर म्हटलं. तेव्हा ते पडेल आवाजात म्हणाले, "ते मी नाही लिहिलं. मी फक्त चालेल म्हटलं."

मी तो उतारा पुन्हा वाचला, या वेळी सावकाश. 'कुणाचाच दोष नव्हता,' इंजिनवाली म्हणत होती. 'घाई होती, माझंच लक्ष चुकलं. माझी कुणाबद्दल काही तक्रार नाही.'

ही वाक्यं मला पाठ होती. त्यांच्याखाली माझी सही आहे.

मी हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत काम करते. तिथे दोन तापलेल्या रुळांचं इस्त्रीचं मोठं यंत्र आहे. हात आत जाऊ नये म्हणून रुळांपुढे जाळी असते. जाळीमुळे चादरी सावकाश जातात, म्हणून मालकाने ती काढून भिंतीला टेकवून ठेवली होती. सात वर्षांपूर्वी माझा उजवा हात चादरीबरोबर आत गेला. तीन बोटं अजून वळत नाहीत. मालक दवाखान्यात फळं घेऊन आला, आणि एक कोरा कागद. माझा हात बांधलेला, म्हणून कागद वहिनीने लिहिला. ती तिथेच ऑफिसात आहे आणि दादा तिथलीच गाडी चालवतो. मी डाव्या हाताने सही ओढली. वर्षभराने इंजिनवाली लिहायला घेतली. मी जे गिळलं ते हिने गिळायचं नाही, एवढंच ठरवून.

वहिनी स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. मी लॅपटॉप तिच्यापुढे ओट्यावर ठेवला.

"हे तू लिहिलंस."

तिने नाही म्हटलं नाही. "वाईट वाटतं गं. किती वर्षं धुमसतेय. वाटलं, एकदाची रडली की मोकळी होईल."

"कोण?"

ती ताटली पुसत राहिली. ताटली केव्हाच कोरडी झाली होती.

"तुझा जांभळा रंग आहे ना? माझ्या हिरव्यात कशाला घुसलीस?"

"तिच्या तोंडचं वाक्य जांभळ्यात कसं लिहिणार?" ती म्हणाली, आणि खरंच तिला तसं वाटत होतं.

"मग दवाखान्यात तरी जांभळं पेन घ्यायचंस!"

माझा आवाज शेजारपाजारी गेला असेल. जाऊ दे. वहिनी स्टुलावर बसली.

"आपल्या तिघांच्या नोकऱ्या होत्या," ती म्हणाली. "मालकाने सांगितलं, मी लिहिलं."

"ते मला कळतं. तेव्हा मीही घाबरले होते. पण आज कुणाची नोकरी जात होती? आज कुणी सांगितलं तुला?"

मी तिच्यासमोर उभ्याउभ्याच उतारा पुसला आणि डाव्या हाताने लिहिलं: 'झाकण तू लावलंस,' इंजिनवाली म्हणाली. 'आधी ते म्हण. मग बघू.' मास्तरांना कळवलं की हे राहील, नाहीतर माझी बाई एकेचाळीस प्रकरणांसकट उतरेल, आणि मग ओढा तुमची बोट वल्ह्यांनी.

तरी राग जाईना. इंजिनवाली बोलली होती. मी कुठे बोलले होते? जाळी अजून भिंतीलाच टेकलेली आहे. मी आता टॉवेलांच्या घड्या घालते आणि यंत्रावर माझ्या जागी दोन मुलांची आई उभी असते. रोज तिचे हात रुळाजवळ जाताना मी बघते आणि गप्प बसते.

मी ड्रॉवरमधून कागद काढला. वर 'कामगार खात्यास' लिहिलं. खाली तीन वाक्यं. यंत्राला जाळी नव्हती. ती मालकाने काढली होती. माझं लक्ष चुकलं नव्हतं. एवढ्याला दहा मिनिटं लागली आणि अक्षर म्हणजे नुसते कोंबडीचे पाय.

"दे," वहिनी हळूच म्हणाली, "मी नीट लिहून देते."

"नको. तू खाली साक्षीदार म्हणून सही कर."

"नोकरी जाईल."

"जाईल. तुझी, माझी, दादाचीही."

तिने कागद ओढून घेतला. माझी वाक्यं एकदा वाचली, मग पुन्हा वाचली. मग तिने एकही शब्द न बदलता खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं.