नळीत अडकलेले चार बार

किन्हीराजाच्या दौलतरावांच्या घरात भिंतीवर एक ठासणीची बंदूक टांगलेली होती. त्यांचे खापरपणजोबा निजामाच्या पलटणीत शिपाई होते, त्यांची. दसऱ्याला तिला झेंडू वाहताना दौलतराव दरवर्षी सांगत, "गोळ्या अंगावर येत होत्या, पन म्हातारा एक पाऊल मांगं सरला नाई."

मुलगा प्रज्वल फौजेतलं ट्रेनिंग पूर्ण न करताच पाचव्या महिन्यात परत आला, तेव्हा याच बंदुकीकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं होतं, "या घरात असा भेकड कसा जलमला रे?" प्रज्वल धनजला मामाच्या शेतावर राहायला गेला. तीन वर्षं बापलेकात बोलणं नव्हतं.

यंदा दौलतरावांना दसऱ्याला बार काढायचा होता. परवाना होता, पण चाप गंजलेला. म्हणून ते बंदूक पोत्यात गुंडाळून मालेगावला गफ्फारमिस्त्रीकडे गेले.

गफ्फारनं नळीत गज घातला, तोंडाशी अंगठ्यानं खूण धरली आणि गज बाहेरून नळीला लावून पाहिला. वीतभर कमी भरला.

"भाऊ, ही भरेल हाय. आत दारू-गोळी तशीच हाय."

आतली दारू भिजून निकामी व्हावी म्हणून त्यानं नळीत पाणी ओतून ठेवलं. तिसऱ्या दिवशी दौलतरावांसमोरच टोकाला पीळ असलेल्या गजानं आतलं ओढून काढलं. शिशाची गोळी, कागदाचा बोळा, ओली काळी दारू. मग पुन्हा गोळी. असं चार वेळा.

"एका वक्ताले एकच भरतात," गफ्फार म्हणाला. "रांगेत उभं राहून हुकमावर भराची, हुकमावर झाडाची. धुरात बाजूचा मानूस दिसत नसे. यानं चारदा भरली, पन एकबी बार सुटला नाई."

"ठिणगी पडली नसंल."

"असंल. नाई तं चाप ओढनंच झालं नसंल. हात नुसते ठासत राह्यले असतील. आता कोन सांगनार?"

"माह्या म्हाताऱ्याले भेव नव्हतं!" दौलतराव ओरडले. गफ्फार मान खाली घालून हात पुसत राहिला.

दौलतराव बाहेर पडले. बंदूक तिथंच राहिली. घरी न जाता ते कारंज्याच्या बसमध्ये बसले आणि तिथून दुपारी धनजला पोचले. प्रज्वल तुरीवर फवारणी करत होता. बापाला पाहून त्यानं पंप खाली ठेवला. दौलतरावांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं.

"मंग?" प्रज्वल म्हणाला.

"मंग मी तुले जे बोललो, थे..."

"म्हंजे त्याले भेव वाटलं म्हून मी आता चांगला झालो काय? नळीत एकच गोळी निघाली असती, तं मी भेकडच राह्यलो असतो काय?"

प्रज्वलनं तोंडावरचा रुमाल सोडला.

"मले आवाजाचं भेव नव्हतं, बाबा. समोर मानसाच्या आकाराचा पुठ्ठा उभा करत. त्याच्या छातीवर नेम धरला का माहं बोट वाकतच नसे. तुमी कधी इचारलंच नाई."

दौलतराव शेताच्या बांधावर बसले. "आता इचारतो. सांग."

प्रज्वलनं वावराकडे पाहिलं. तुरीच्या अर्ध्या ओळींवर औषध पडायचं बाकी होतं. "आज नाई," तो म्हणाला आणि पाण्याची बाटली त्यांच्याजवळ ठेवून पंप उचलून निघून गेला.

दसऱ्याला बार निघाला नाही. लोकांनी विचारलं तेव्हा दौलतराव म्हणाले, "नळी खराब हाय." प्रज्वल आला नव्हता. पुढच्या रविवारी ते पुन्हा धनजला गेले.