कोळीनाथांची जुनी कुडी

सकाळी "प्रभू गेले!" म्हणून ज्या बायांनी डोळ्यांना पदर लावले होते, त्याच दुपारी "प्रभू आले!" म्हणत फुगडी घालत होत्या. अर्धापूरच्या बाहेर गुरुपादप्पांची केळीची शेड आहे. तिथं पाय ठेवायला जागा उरली नव्हती. केळीचे घड भिंतीला रचलेले, मधोमध चौरंग, चौरंगावर काचेचा डबा आणि डब्यात तळहाताएवढा केसाळ कोळी. या कोळ्याला प्रभू म्हणून पुजायला लावणाऱ्या कोळीनाथ महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं की प्रभू आज देह ठेवणार, आणि सकाळी तो आठही पाय वर करून उताणा पडला होता. साऱ्या गावानं पाहिलं होतं. मग महाराजांनी डब्यावर रेशमी फडकं टाकलं, तास दोन तास भजन चाललं, आणि आता फडकं उचललं तर आत दोन कोळी! एक निपचित पडलेला, दुसरा शेजारी जिवंत, मखमलीसारखा नवाकोरा.

"भक्तांनो!" महाराज गरजले. "जुनी कुडी टाकिली, नवी कुडी घेतली! ब्राझीलच्या अरण्यातून, सात समुद्र ओलांडून, केळीच्या घडात बसून हे महाविषारी दैवत अर्धापुरात आलं!"

"तिकडची केळी इकडं कशाला येतील?" मागून एकजण बोलला. "आपणच तर आपली केळी बाहेर धाडून राहिलो."

"गप बस रे!" एका भक्तानं दटावलं. "देवाला वाट विचारतोस?"

हशा, टाळ्या, पुन्हा गजर. एका म्हातारबुवांनी तर आनंदाच्या भरात शेजाऱ्याच्याच पाया पडून घेतलं.

या गर्दीत इंदूताई उभ्या होत्या. हायस्कुलात जीवशास्त्र शिकवतात. पण त्यांची खरी ओळख म्हणजे कीर्तन. पंचक्रोशीत कुठंही कीर्तन असो, स्कुटी काढून इंदूताई हजर, पहिल्या रांगेत, हातात टाळ. देव आहे की नाही हा वाद त्यांच्या घरी कधी झालाच नाही. तो आहे, आणि तो डब्यात मावत नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. म्हणूनच महाराजांनी कीर्तनकारासारखं उपरणं घेतलेलं पाहून त्यांचा जीव कळवळला. त्यातून हा माणूस ठेका चुकत होता!

पण आज ठेक्याची काळजी करायला सवड नव्हती. शेजारी त्यांची थोरली जाऊ तारामती उभी होती. तिच्या कपाळाच्या उजव्या बाजूला पाण्याच्या फोडांची रांग, आणि पापणी सुजून डोळा जवळजवळ मिटलेला. इंदूताईंची जुनी विद्यार्थिनी डॉक्टर लुंबिनी काल घरी येऊन सांगून गेली होती, "मावशी, ही नागीण आहे आणि डोळ्याजवळ आहे. गोळ्या लगेच सुरू करा, दवाखान्यात डोळा दाखवा. उशीर केला तर नजर जाऊ शकते."

तारामतीचं मात्र वेगळंच.

"अक्का, चला ना आता दवाखान्यात."

"न्हाई. केळीचा वाळका पाला काढताना कोळी मुतला माझ्या तोंडावर. ज्यानं दिलं त्यानंच न्यायचं. महाराज जुनी कुडी कपाळाला लावणार, मंग बघू."

"आणि गोळ्या?"

"कुडीच्या आधी गोळी घेतली की प्रभू कोपतेत म्हणे."

"डोळा गेल्यावर प्रभूंना बघणार कशानं?"

"एक हाय की दुसरा!" तारामती फणकारली.

इंदूताईंनी कपाळाला हात लावला. इथं व्याख्यान कामाचं नव्हतं. अक्कांच्या त्या एका धड डोळ्याला काहीतरी दाखवायला हवं होतं.

तेवढ्यात आरती सुरू झाली. आपल्याकडची रीतच अशी की ताट हातात घेऊन पुढं आलेल्या बाईला कुणी अडवत नाही. इंदूताईंनी निरांजनाचं ताट उचललं आणि थेट चौरंगापाशी गेल्या.

"महाराज, जुन्या कुडीला ओवाळू द्या. नीट दर्शन होईल सगळ्यांना."

"भाग्यवान आहेस, माते!" महाराज खूश.

इंदूताईंनी पूजेच्या पळीवर ती कुडी अलगद उचलली, उंच धरली आणि मागून निरांजन फिरवलं.

मागचे लोक टाचा उंचावून बघू लागले. कोळ्याच्या पायांतून उजेड आरपार येत होता. छातीवरचं टोपण डब्याच्या झाकणासारखं उघडं पडलं होतं, आणि त्यातून पलीकडची ज्योत दिसत होती.

"अगं इंदू," तारामती मान पुढं काढून म्हणाली, "आत कुणीच न्हाई की!"

"कसं असेल अक्का? हे मढं नाही, ही कात आहे. सापाची असते तशी. कोळ्याला आत हाडं नसतात, बाहेरचं कवच हाच त्याचा सांगाडा. तो वाढतो, कवच वाढत नाही. मग तो उताणा पडतो, कवचाला चीर पडते, आणि मोज्यातून पाय काढावेत तसे आठही पाय सोडवून घेतो. सकाळी तो मेला नव्हता, कपडे बदलत होता!"

"आणि आपण त्याच्यापुढं रडून राहिलो?" एक बाई किंचाळली. तिचा पदर अजून ओलाच होता.

"पण महाराजांना आधी कसं कळलं, आज देह ठेवणार म्हणून?" एकानं विचारलं.

"उपास होता ना प्रभूंना बरेच दिवस? कात टाकायच्या आधी कोळी खाणं सोडतो, अंग काळपट पडतं. बघणाऱ्याला दिवस जवळ आलेला कळतो."

महाराज कच्चे नव्हते. त्यांनी तो नवाकोरा कोळी उचलून तळहातावर घेतला. "बोलू द्या बाईंना! महाविषारी आहे हा! मग मला का चावत नाही? बोला!"

कोळी हातावर शांत बसला. गर्दी पुन्हा डळमळली, कुणी हातही जोडले. तारामतीनं इंदूताईंकडं पाहिलं. "आता?"

"आता त्याचे दात बघा." इंदूताईंनी मोबाईलचा उजेड टाकला. "दोन्ही दात पांढरे. कात टाकल्यावर ते मऊ असतात, टणक आणि काळे व्हायला वेळ लागतो. आज त्याला झुरळसुद्धा चावता येणार नाही, मग महाराजांना कसा चावणार? काळ्या दातांचा कोळी घ्या म्हणावं हातावर."

"एवढंच ना?" गुरुपादप्पा उत्साहानं पुढं आले. बिचारे मनापासून भक्त होते. "आत फडक्याखाली बाकीचे चार प्रभू हायत की! मीच रोज झुरळं पकडून देऊन राहिलो. त्यातल्या एकाचे दात लई काळे हायत. आणू, महाराज?"

"चार?" गर्दीतून आवाज आला.

"एकूण पाच. ज्याची पाळी येईल तो बाहेर!"

महाराजांचं तोंड बघण्यासारखं झालं. गुरुपादप्पांनी डबा आणला, झाकणाची कडी काढली. आतल्या प्रभूंनी पुढचे दोन पाय उगारले आणि काळेभोर दात दाखवले.

"घ्या महाराज!"

"आज... आज यांचं मौन आहे."

"मौनच हाय ना? चावायला कुठं बोलावं लागतंय?"

मग जो हशा उसळला, त्यानं पत्रे थरथरले. महाराज मागं सरत सरत केळीच्या घडांत बसले ते कुणीतरी फोन करून बोलावलेले फौजदार येईपर्यंत उठलेच नाहीत. उठायचं म्हटलं तरी बाया वाट देत नव्हत्या. गुरुपादप्पा डब्याची कडी घट्ट लावत पुटपुटले, "झुरळं शोधू शोधू कंबर गेली माझी."

तारामती मात्र हसत नव्हती. "इंदू, मंग माझ्या तोंडावर हे काय?"

"अक्का, लहानपणी कांजिण्या आल्या होत्या ना? त्यांचे विषाणू नसांमध्ये झोपून राहतात आणि पुढं कधीतरी जागे होतात. म्हणून एकाच बाजूला फोड येतात. कोळी अंगावर मुतून नागीण देत नाही. त्याचं विष दातात असतं, तेही भक्ष्यासाठी. असला रानकोळी चावला तर फार दुखतं, सूज येते, दवाखान्यात जावं लागतं. पण त्याच्या सालीनं डोळा बरा होत नाही. आणि हा ब्राझीलचाही नव्हे, आपल्याच झाडांच्या ढोलीतला आहे."

तारामतीनं पदर खोचला. "काढ तुझी फटफटी."

संध्याकाळपर्यंत पहिली गोळी पोटात गेली, डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळा तपासला. थोडा उशीर झाला होता, फार नव्हे. फोड सुकले, कपाळावर डाग राहिले, नजर शाबूत राहिली. कोळी वनखात्याच्या माणसांनी नेले.

मंडळी, भजन खुशाल करा, टाळ कुटा, नाचा. त्यासारखं सुख नाही. पण कुणी डबा पुढं करून हा देव आहे म्हणाला, तर आत उजेड टाकून बघा. जो खरा आहे तो उजेडाला भीत नाही. आणि दुखणं अंगावर असेल तर चमत्काराची वाट बघत बसू नका, आधी डॉक्टर गाठा. तारामतीनं तेच केलं. आता शेडमध्ये कुणी "अक्का, प्रभू कोपले नाहीत ना?" असं चिडवलं, की ती दोन्ही डोळे वटारून बघते. दोन्ही!