सोळांतली एक

प्राहोकचा, म्हणजे मासे खारवून आंबवायचा, हंगाम आला की आमच्या गावच्या बायका नदीकाठी ओळीने बसतात, माशांची मुंडकी उडवतात आणि नवऱ्यांची सालं काढतात. पुरुष लांब जाळ्यांवर असतात, त्यामुळे तोंडाला लगाम घालायची गरज नसते.

"माझ्यावाल्यानं काल कढई फेकून मारली," सारिम म्हणायची.

"लागली?"

"छे गं, नेम चुकला. दारू चढली की त्याला दोन सारिम दिसतात."

"मग दुसरीला लागली असेल. तिला तेल लाव जा."

पोट दुखेपर्यंत हसायचो आणि पुढचा मासा उचलायचो.

सगळ्यांत जोरात हसायची ती कुंथिया. माझी शेजारीण, माझ्याहून वयाने मोठी, म्हणून मी तिला बाँग म्हणायचे. आमच्याकडे थोरल्या बहिणीला बाँग म्हणतात, थोरल्या भावाला बाँग म्हणतात आणि नवऱ्यालाही बाँगच म्हणतात. नवऱ्याला म्हणताना माझी जीभ नुसती हलायची. कुंथियाला मात्र मी मनापासून हाक मारायचे. माझ्या पाठीवरचे वळ तिने तेल चोळून जिरवलेत, तिच्या कानातून येणारं रक्त मी पुसलंय. तिचा खेंग आणि माझा सामोन एकाच होडीवर कामाला, एकाच डब्यातली ताडी प्यायचे. एकीकडे पेटलं की आम्ही दुसरीकडे पळायचो. दोघेही एकदम पेटले तर मात्र पळायला जागा उरत नसे.

खोलीची बातमी कुंथियानेच आणली. नदीच्या खालच्या अंगाला तिची मावसबहीण राहते. त्यांच्या गावात शहरातल्या एका संस्थेच्या मुली आल्या, बायकांना एकेकटं गाठून प्रश्न विचारले, आणि मार खाणाऱ्यांचा आकडा एवढा मोठा निघाला की त्या संस्थेने दवाखान्याला लागून एक खोली बांधली. आतून कडी लागते. सांभाळायला एक बाई ठेवली आहे. कुठल्याही वेळी जा, पोरांना घेऊन जा, कुणी विचारत नाही.

"आणि आता त्या मुली आपल्याकडे येतायत," कुंथिया म्हणाली. "बाहेर सांगतील बायकांच्या तब्येतीचं काम आहे म्हणून. आतले प्रश्न वेगळेच असतात. सगळ्याजणी खरं सांगायचं. लाजायचं नाही. लाजून खोली मिळत नाही."

"आणि नवऱ्याला कळलं तर?" सारिमने विचारलं.

"नाव लिहीतच नाहीत, तर कळणार कुठून? आणि ऐक, जी खोटं बोलेल तिच्या पोटात वडाखालचा राखणदार धोंडा घालेल."

सगळ्या हो म्हणाल्या. मीही म्हणाले. अंग शहारलं माझं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण एकट्या नाही.

दालिस नावाची मुलगी आली. तरुण, सावळी, शहरात राहूनही चिखलात अनवाणी चालणारी. तिने सोळा घरं आधीच नेमून आणली होती. एका घरातून एकच बाई, तीही चिठ्ठी टाकून. आमच्या घरात मी आणि सासू. चिठ्ठी माझी निघाली. कुंथियाच्या घरात बाई ती एकटीच. दालिसचा एकच हट्ट होता, बोलताना जवळपास कुणी नको. आमची घरं खांबांवर उभी, जमीन बांबूच्या पट्ट्यांची, वर शिंकलं की खाली झोळीत पडलेला माणूस 'जगा' म्हणतो. मग मीच सुचवलं, होडीत बसू. नदीच्या मधोमध कोण ऐकणार?

म्हणून पहिली मीच गेले.

होडी मधे नेऊन वल्हं आडवं ठेवलं. तिने सांगितलं, कुणी जवळ आलं तर मी चुलीला काय जाळता ते विचारायला लागेन, तुम्ही सरपणाबद्दल बोलायचं. मला हसू आलं. तीही हसली. मग तिने विचारायला सुरुवात केली. थोबाडीत मारली का? ढकललं का? गळा आवळला का? वस्तऱ्याचा, सुरीचा धाक दाखवला का? मी हो म्हणत गेले. प्रत्येक हो नंतर आणखी चार प्रश्न यायचे. कधी, किती वेळा, दवाखान्यात गेलात का, कुणाला सांगितलंत. ती हळू विचारायची, घाई करायची नाही.

मग तिने विचारलं, मनाविरुद्ध नवऱ्याने कधी जबरदस्ती केली का?

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. कुंथियालाही नाही. मार सांगता येतो, मारावर विनोद करता येतो. हे सांगायला आमच्याकडे तोंडच नसतं.

"बाँग, नको वाटत असेल तर सोडून देऊ," दालिस म्हणाली.

"सोडू नका," मी म्हणाले. "धाकटा झाला तेव्हा. बाळंतीण म्हणून निखाऱ्यांवरच्या बाजेवर झोपवलं होतं मला. खाली आग होती. त्या बाजेवर."

तिने पेन खाली ठेवलं. मी पाण्याकडे बघत बसले. रडू आलं नाही. उलट हलकं वाटलं, खोटं का बोलू? वाटलं, बघा, नुसतं बोलल्याने एवढं होतं, तर कडीची खोली मिळाल्यावर काय होईल!

"खोली बांधतील ना?" मी विचारलं.

"ते माझ्या हातात नाही. पण आकडा बोलतो," ती म्हणाली. पोरीने खोटं वचन दिलं नाही, एवढं कबूल करते.

माझी होडी काठाला लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. नंतरच्या बायका मात्र भराभर जाऊन आल्या. कुंथिया तर गेली काय आणि आली काय. मी मासे कापत होते. मनात म्हटलं, बाकीच्यांना नेमकं बोलता येतं, मलाच पाल्हाळ लावायची खोड.

नवं वर्ष उलटल्यावर निकाल सांगायला देवळाच्या मंडपात सभा भरली. सगळ्यांना बोलावलं होतं, पुरुषांनासुद्धा. शहरातून दालिसच्या वरची मॅडम आली होती, कडक इस्त्रीची, गोड बोलणारी. गावप्रमुख शेजारी बसून पंख्याने वारा घेत होता.

"मी तुमच्या गावाचं मनापासून अभिनंदन करते," मॅडम म्हणाली. "इथल्या सोळा घरांतल्या सोळा महिलांशी आम्ही बोललो. पंधराजणींनी सांगितलं की नवऱ्याने कधी हातसुद्धा उगारलेला नाही. हो म्हणणारी फक्त एकच निघाली."

मागे उभ्या दालिसने तिची बाही ओढली. मॅडमने मान वळवून दबक्या आवाजात म्हटलं, "अगं, नाव कुठे घेतलंय मी?"

नाव घ्यायचं राहिलं होतं कुठे? टाळ्या वाजल्या. गावप्रमुखाच्या हातात कापडी फलक दिला, आदर्श गाव म्हणून. खोली वरच्या अंगाच्या गावाला मिळणार होती, तिथे गरज जास्त आहे म्हणे. मी कुंथियाकडे पाहिलं. ती टाळ्या वाजवत होती, नजर फलकावर.

"कोण रे ती एक?" कुणीतरी ओरडलं आणि पुरुषांत खसखस पिकली.

"असेल कुणीतरी. एखादीला सुख बोचतं!"

मग खेंगचा आवाज आला. "मला विचारा. त्या दिवशी पाय मुरगळला म्हणून मी काठावरच बसलो होतो. बाकीच्या होड्या विडी ओढून होईपर्यंत परत यायच्या. एक होडी तेवढी दुपारपर्यंत आली नाही. सामोन, तुझी बायको त्या पोरीला मासेमारी शिकवत होती का रे?"

सगळे हसले. सामोन हसला नाही. उठला आणि निघून गेला.

मंडपातून बाहेर पडताना मी सारिमचा दंड धरला. "तू का नाही बोललीस?"

"मला वाटलं बाकीच्या पंधरा बोलतीलच," ती पुटपुटली. "माझं एक राहिलं तर काय बिघडतंय, असं वाटलं गं."

तिच्यामागून येणारीही तेच म्हणाली. तिच्या मागचीसुद्धा. पंधराजणींना एकच शहाणपण सुचलं आणि मला तोंडघशी पाडून सगळ्या स्वयंपाकाला गेल्या. कुणाच्या पोटात धोंडा आला नाही. राखणदारसुद्धा पुरुषच असावा.

घरी काय झालं ते लांबवत नाही. सामोन काय करणार ते मला माहीत होतं आणि त्याने तेच केलं. "एकच?" तो प्रत्येक फटक्याला विचारत होता. "साऱ्या गावात मीच एकटा?" त्याच्या मित्रांनी त्याला एकटं पाडलं होतं आणि मला माझ्या मैत्रिणींनी. पण त्याच्या हाताखाली मी होते, माझ्या हाताखाली कुणी नव्हतं. सासूने पोरांना आधीच दुसऱ्या आळीत नेलं होतं. ओठ फाटला, डावं मनगट उचलेना, तेव्हा तो दम खायला बसला आणि मी शिडी उतरून पळाले.

पाय नेहमीच्याच दारी गेले. दुसरं दार त्यांना माहीत नव्हतं. अजून उजेड होता, चुली पेटल्या होत्या.

"बाँग! ए बाँग!"

कुंथिया खिडकीत आली, मला पाहिलं आणि खिडकी अर्धी लोटली.

"इथे कशाला आलीस? आज घराघरांत चौकशा चालू आहेत तुझ्यामुळे."

"माझ्यामुळे? खोली कुणाला हवी होती? लाजू नका कोण म्हणालं?"

"हळू बोल."

"तू सांगितलंस म्हणून मी बोलले, बाँग. तुलाही कधी सांगितलं नव्हतं ते सगळं बोलले."

"खेंग काठावर बसला होता," ती खिडकीआडून म्हणाली. "माझी होडी किती वेळ थांबते ते बघत होता. मी काय करायचं होतं? आमच्या घरात असलं काही नाही, असं सांगितलं मी. तूही आता तेच धरून चाल. जा घरी."

केसाने गळा कापला माझा. मारलं त्याने होतं, पण त्या क्षणी मला राग आला तो तिचा. इतका, की त्याच्याबद्दल शिल्लकच उरला नाही. ठरवलं, इथेच उभी राहून ओरडायचं. कान कसा फुटला ते. गेल्या भाताच्या हंगामात पोटातलं पोर कसं पडलं ते. साऱ्या आळीला ऐकू दे, मग बघू एक की दोन.

"काय गं थावी? शिडीखाली कसली सभा?"

खेंग मागे उभा होता. ताडीचा वास येत होता. माझ्या ओठाकडे बघून तो दात विचकत हसला आणि मग वर खिडकीकडे बघितलं. हसू गेलं त्याचं.

"काय सांगत होतीस हिला?"

कुंथिया दारात आली होती. तिने हात छातीशी जोडले होते. ते हात मला माझ्या हातांपेक्षा जास्त ओळखीचे होते.

माझं तोंड उघडलेलंच होतं.

"मीठ संपलंय," मी म्हणाले. "मीठ मागायला आले."

खेंगने माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि शिडी चढता चढता म्हणाला, "दे गं तिला. शेजारधर्म आहे."

ती मडकं घेऊन खाली आली. मी खांद्यावरचं फडकं एका हाताने पसरलं. तिने ओंजळी भरभरून मीठ घातलं, कुणी मागेल त्याच्या तिप्पट. वर मात्र पाहिलं नाही.

मी मीठ घेऊन घरी गेले. जायला दुसरी जागा नव्हती.