बहिरा कप

"दादा, मागची ती खोकी उघडू का?" धाकट्याने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता एक उघडलंसुद्धा.

थोरला गल्ल्यावर बसून होता. सकाळपासून दुकानात आलं होतं ते फक्त शेजारच्या टोपीवाल्याचं मांजर, आणि तेही काही घ्यायला आलं नव्हतं. खोक्यात कागदाच्या कपट्यांमध्ये गुंडाळलेले कप होते, बिनबशीचे. सहाच्या जोडातला एखादा फुटला की उरलेले पाच मागच्या खोलीत जायचे, आणि एकदा मागे गेलेला कप पुन्हा पुढे येत नसे. वडिलांच्या वेळेपासूनची ही रीत होती.

"ते विकायचे नाहीत," थोरला म्हणाला.

"मग काय करायचेत?"

"असू देत."

"असूच दिलेत की इतकी वर्षं!" धाकटा हसला आणि एक निळा कप काढून शर्टाला पुसायला लागला. "लोकांना आता सहा सारखे नकोयत, दादा. प्रत्येकाला आपला वेगळा कप हवाय. मी तिथे बघितलंय ना."

'तिथे' म्हणजे गावाबाहेरच्या मोठ्या रस्त्यावरचं ते चकचकीत, थंडगार दुकान. तिथे सुईपासून सोफ्यापर्यंत सगळं एका छपराखाली मिळायचं आणि गाडी लावायला जागाही मिळायची. ते उघडलं आणि गावाच्या मधोमध असलेल्या या बाजारगल्लीला ओहोटी लागली. पडदेवाला गेला, खेळणीवाला गेला, घड्याळवाल्याने मुलाकडे बिऱ्हाड हलवलं. उरलेले एकमेकांची तोंडं बघत माशा मारत बसले. धाकट्याने मात्र त्याच दुकानात नोकरी धरली होती. गळ्यात नावाची पट्टी लटकवून तो तिथे कपबशाच विकत होता! हे थोरल्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण पोटात ठेवलं ते ठेवलंच. आणि आता त्या दुकानाने माणसं कमी केली, तेव्हा हा घरी परतला होता. आईच्या हातचं जेवून आठ दिवसांत गुबगुबीत झाला होता, आणि वर गल्लीला शहाणपण शिकवत होता.

त्याची योजना साधी होती. रविवारी सकाळी गल्लीत गाड्या बंद. प्रत्येकाने दुकान रस्त्यावर आणायचं, टेबलं समोरासमोर मांडायची. टोपीवाल्याने मोठा आरसा बाहेर लावायचा, चावीवाल्याने लोकांच्या देखत चावी घासायची. व्यापाऱ्यांच्या बैठकीत त्याने हे सांगितलं आणि टाळ्या पडल्या.

थोरला मागच्या खुर्चीत बसून ऐकत होता. हेच, अगदी हेच, त्याने पूर्वी याच मंडळींना सांगितलं होतं. टेबलं बाहेर काढू या, म्हणाला होता. तेव्हा टोपीवाला म्हणाला होता, "आणि ऊन लागलं की तू छत्री धरणार का रे आमच्यावर?" सगळे खो खो हसले होते. तोच टोपीवाला आता धाकट्याच्या पाठीवर थाप मारत होता, "डोकं आहे बरं का पोराला!" थोरल्याच्या अंगाचा तिळपापड झाला. आपण बोललो तेव्हा तो विनोद होता, आणि हा बोलला की डोकं!

घरी तर विचारायलाच नको. शनिवारी रात्रीच्या जेवणाला आई म्हणाली, "हा आला म्हणून. नाहीतर दुकानाला टाळंच लागलं असतं."

"टाळं लागू नये म्हणून मी बसलो होतो ना तिथे," थोरला म्हणाला.

"अरे हो रे, तू होतासच," आई म्हणाली आणि धाकट्याच्या ताटात वाढत राहिली.

तू होतासच. भिंत असते, दार असतं, तसा तू होतास. बायकोकडे त्याने आशेने पाहिलं, तर ती दिराच्या कसल्याशा गोष्टीवर तोंडाला पदर लावून हसत होती. आपल्या बोलण्यावर ती शेवटची कधी हसली होती, हे त्याला आठवेना.

थोरल्यापाशी एकच गोष्ट होती, जी धाकट्याकडे नाही असं त्याला वाटायचं. कप वाजवणं. विकायचा प्रत्येक कप तो डाव्या हाताच्या बोटांवर तोलायचा आणि उजव्या बोटाच्या पेराने हळूच टकटक करायचा. चांगला कप खणखणतो. आतून न दिसणारी चीर गेलेली असेल, तर नुसताच ठप्प करतो. अशा कपाला त्यांच्या दुकानात बहिरा म्हणत. बहिरा कप विकायचा नाही, कितीही देखणा असो. तो फळीखालच्या घमेल्यात टाकायचा. वडिलांनी हे दोघांनाही शिकवलं होतं, पण त्या वेळी धाकट्याचं लक्ष सगळं खेळात. निदान थोरल्याची तरी तशी खात्री होती.

रविवार उजाडला आणि गल्ली ओळखू येईना. माणसंच माणसं! लोक आरशापुढे टोप्या घालून बघत होते, पोरं चावीवाल्याभोवती कोंडाळं करून उभी होती. थोरल्याने आपले सहा-सहाचे जोड नीट ओळीने मांडले होते. शेजारच्या टेबलावर धाकट्याने ते बिनबशीचे कप नुसते ओतल्यासारखे ठेवले होते, लाल, पिवळे, फुलांचे, पट्ट्यांचे, आणि मागे पाटी, 'आपला कप शोधा'. लोक शोधत होते. हसत होते, एकमेकांच्या हातातून हिसकावून घेत होते. थोरल्याच्या टेबलाशी येऊन एका बाईंनी विचारलं, "अहो, मालक कुठे गेले?"

"मीच मालक," थोरला म्हणाला.

"नाही हो, ते हसरे. ते धाकटे."

धाकटा तेव्हा टोपीवाल्याच्या टेबलावर कापडी छत बांधायला गेला होता. त्याच्या टेबलाशी कुणी नव्हतं. थोरला उठला. काय करतोय ते त्याला पुरतं कळत होतं. नंतर स्वतःचीच समजूत घालताना, रागाच्या भरात झालं, असं त्याने म्हणून पाहिलं, पण ते खरं नव्हतं. तो शांतपणे आत गेला, घमेल्यातला एक देखणा हिरवा कप उचलला, बाहेर आला आणि धाकट्याच्या ढिगात सारून दिला. एखाद्याच्या हातात फुटू दे. एकदा तरी कुणीतरी याला बोल लावू दे. एवढंच त्याला हवं होतं.

तो कप उचलला शाळेतल्या बाईंनी.

बाई आता निवृत्त होत्या. त्यांनी दोघा भावांनाही शिकवलं होतं, आणि मोठं दुकान उघडल्यावरही त्या कधी तिकडे गेल्या नव्हत्या. वर्षातून एकदा यायच्या, थोरल्यासमोर बसायच्या आणि म्हणायच्या, "वाजव रे, ऐकू दे." आज मात्र त्या थोरल्याला नुसती मान डोलावून सरळ धाकट्याकडे गेल्या होत्या. तो एव्हाना परत आला होता आणि चार गिऱ्हाइकांशी एकाच वेळी बोलत होता.

"हा घेते रे," बाई म्हणाल्या. "छान आहे रंग."

"थांबा बाई, वाजवून देतो."

"राहू दे, तुझी गडबड चाललीय. तुमच्याच दुकानातला आहे ना?"

थोरला दोन हातांच्या अंतरावर उभा होता. "बाई, तो नको," एवढंच म्हणायचं होतं. त्याने तोंड उघडलंही. आणि त्याच वेळी बाईंनी धाकट्याच्या गालावर हात ठेवला, म्हणाल्या, "गल्लीत जीव आणलास हो." थोरल्याचं तोंड मिटलं. बाईंनी कप रुमालात गुंडाळला आणि त्या गर्दीत दिसेनाशा झाल्या.

आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नाही. दोनदा तो बाईंच्या घराच्या वळणापर्यंत गेला आणि परत आला. काय सांगणार होता?

पुढच्या रविवारी बाई आल्या त्या उजव्या हाताला पट्टी बांधून.

"कान निघून आला त्या हिरव्या कपाचा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता, पण वर्गात बोलायची सवय. आजूबाजूची माणसं गप्प झाली. "उकळता चहा सगळा हातावर. तुमच्या दुकानातला कप, म्हणून मी बिनघोर घेतला रे."

जे थोरल्याने मागितलं होतं ते समोर येऊन उभं राहिलं होतं. आता सगळे धाकट्याकडे बघत होते, आणि आज कुणाच्याही नजरेत कौतुक नव्हतं.

हिरव्या कपाचं नाव निघताच धाकट्याने एकदा थोरल्याकडे पाहिलं होतं. फार वेळ नाही. मग तो टेबलाच्या पुढे आला आणि बाईंपुढे वाकला.

"चूक माझी, बाई. घाईत वाजवायचा राहिला. दादाकडून घेतला असतात तर असं झालंच नसतं."

"ते मात्र खरं," बाई म्हणाल्या.

"खरंच आहे," टोपीवाला म्हणाला. "थोरल्याने दिलेला कप आमच्याकडे अजून चालतोय."

"मग दादालाच मध्ये बसवू या," धाकटा मोठ्याने म्हणाला. "यापुढे दादाने वाजवल्याशिवाय आपला एकही कप जाणार नाही." आणि त्याने खुर्ची आणून दोन टेबलांच्या बरोबर मध्ये ठेवली, जिथून सगळी गल्ली दिसते तिथे. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. थोरल्याची बायकोही दुकानाच्या दारातून बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर नवऱ्याचं कौतुक होतं.

थोरला खुर्चीत बसला. आणि खोटं कशाला बोला, क्षणभर त्याला बरं वाटलं. हेच तर हवं होतं त्याला. या खुर्चीसाठीच तो जळत होता.

धाकट्याने कपांचं खोकं त्याच्या पायाशी आणून ठेवलं. वाकलेला असतानाच, फक्त त्याला ऐकू जाईल असं, तो म्हणाला, "गेल्या रविवारचे सगळे मी शनिवारीच वाजवून ठेवले होते, दादा. एकूण एक."

थोरल्याने मान वर केली. धाकट्याच्या चेहऱ्यावर राग असता तर त्याला काहीतरी उत्तर देता आलं असतं. राग नव्हता. तो फक्त थकलेला दिसत होता, लहानपणी आजारातून उठल्यावर दिसायचा तसा.

"हिरवा त्यात नव्हता," धाकटा म्हणाला, आणि उठून आपल्या टेबलामागे गेला.

रांगेतल्या पहिल्या बाईने एक पिवळा कप पुढे केला. लोक जवळ सरकले, कुणीतरी पोराला गप्प बसवलं. थोरल्याने कप डाव्या बोटांवर तोलला आणि पेराने टकटक केली. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"कसा आहे हो?" बाईने विचारलं.

ऐकलं होतं त्याने, नीट ऐकलं होतं. पण 'चांगला आहे' म्हणायला, माझ्यावर विश्वास ठेवा म्हणायला, त्याची जीभ उचलेना. बाई वाट बघत राहिली. मागची माणसं एकमेकांकडे बघू लागली.

"चांगला आहे, ताई," शेजारच्या टेबलावरून, दुसऱ्या गिऱ्हाइकाचा कप कागदात गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता धाकटा म्हणाला. "खणखणीत आहे. घेऊन जा."

बाईने थोरल्याच्या हातातून कप घेतला आणि पिशवीत टाकला. मागच्याने आपला पुढे केला.