पट्ट्यावरची टीप

थोरलीपुढं कापडाची वळवळ चालत नसे. शिवणखात्यातल्या चौदाही बायका तिच्याच हाताखाली तयार झालेल्या. नवी बाई आली की दोन दिवस तिला मशीनला हात लावू द्यायची नाही, नुसतं शेजारी बसवून सांगत राहायची. जोडायचं असेल तर साधी सरळ टीप. कापड ताणणारं असेल तर नागमोडी, नाहीतर घालणारी खाली बसली की उसवलंच आणि चारचौघांत शोभा झालीच. कडा सुटत असतील तर ओव्हरलॉक. साखळी टाका फक्त पोत्याच्या तोंडाला, कारण एक टोक ओढलं की तो सगळा सुटतो आणि पोतं तर उघडायचंच असतं. "माणसाच्या अंगावरच्या वस्तूला साखळी टाका घातलास तर माझ्याशी गाठ आहे," हे बोट नाचवून. आणि सगळ्यात शेवटी तिचा ठेवणीतला धडा: जिथं ताण येतो तिथं एका टिपेवर भागवायचं नाही. आडव्या टिपा घालायच्या, चांगल्या चार-पाच. पिशवीचा बंद असो की खिशाचं तोंड, तिच्या हातचं काही कधी उसवून परत आलं नव्हतं. बाईला त्याचा ताठा होता, आणि का नसावा?

खात्यात आधी पिशव्या आणि गाड्यांची आच्छादनं होत. सहा महिन्यांपूर्वी मालकांनी उंचावर काम करणाऱ्यांच्या कमरेच्या पट्ट्यांचं काम घेतलं. जाड नायलॉनचा पट्टा, कडीतून दुमडायचा आणि दुमडलेल्या जागी शिवायचा. सोबत एक कागद आला होता. त्यावर चौकोन, चौकोनात फुली आणि खाली बारीक अक्षरात बरंच काही. थोरलीनं चित्र पाहिलं आणि कागद खिळ्याला अडकवला.

"हे चित्र काढणाऱ्याला एकदा मशीनवर बसवा," ती म्हणाली होती. बायका हसल्या होत्या.

मंगळवारी एक रंगारी सातव्या मजल्यावरून पडला. पट्टा कमरेला होता, दोरही बांधलेला होता, तरी पडला आणि जागीच गेला. गुरुवारी सकाळी तो तुटका पट्टा पारदर्शक पिशवीत घालून तपासनीस साहेब मालकांसोबत खात्यात आले.

मालक त्याआधीच येऊन दम देऊन गेले होते. ज्या बाईचा हात असेल तिचं नाव आज साहेबांना द्यायचं. तिनं पोलीस चौकीत जायचं, पुढचं काय ते तिनं निस्तरायचं. नाव मिळालं नाही तर खात्याला कुलूप.

खरं तर पट्ट्यावर कुणाची सही नसते. पण थोरलीला सही लागतच नसे. ती नुसता टाका बघून शिवणारीचं नाव सांगायची, हे मालकांना माहीत होतं. म्हणून तर साहेबांनी पिशवी थेट तिच्या पुढ्यात ठेवली.

तिनं चष्मा लावला आणि टीप कुठून सुरू झाली तेवढंच शोधलं. चौकोन खालच्या डाव्या कोपऱ्यातून सुरू झाला होता. बाकी सगळ्या उजवीकडून सुरू करत. डावखुरी खात्यात एकच होती, खिडकीपाशी तिसऱ्या मशीनवर बसलेली, थोरलीची सून. तिला सगळे धाकटी म्हणत.

खरं सांगायचं तर थोरलीला पहिल्यांदा आला तो राग. काय घाई होती गं तुला? लेकीला ताप होता म्हणून घराकडं लक्ष, हात इथं आणि जीव तिथं, आणि सोडलीस कुठंतरी टीप. इतकं शिकवलं, सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

पण राग टिकला नाही. दोन वर्षांपूर्वी थोरलीचा मुलगा गेला, तेव्हा धाकटीचे भाऊ तिला न्यायला आले होते. ती गेली नाही. "आईंना कोण बघणार?" एवढंच म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी मशीनवर येऊन बसली. घरात आता या दोघी आणि चार वर्षांची नात. हिला आत टाकलं तर त्या पोरीनं कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

"ओळखता येतंय का, मावशी?" साहेबांनी विचारलं.

"येतंय की," थोरली म्हणाली. "माझाच हात आहे."

खिडकीपाशी धाकटीची मशीन थांबली.

"आई, अहो..."

"तू तुझं काम कर."

साहेबांनी दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं. माणूस आवाज चढवणारा नव्हता, आणि त्याचीच थोरलीला जास्त भीती वाटली. हातातल्या बॅगेतून त्यांनी पट्ट्याचा नवा तुकडा काढला. "मग हे तसंच शिवून दाखवा. नेहमी शिवता तसं."

थोरली मशीनवर बसली. मुद्दाम डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली. चौकोन केला, फुली केली आणि मग सवयीनं आडव्या टिपा घातल्या, एकीला लागून एक, पट्ट्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत. पाच झाल्या. एकही टाका चुकला नाही. दोरा कापून तिनं तुकडा साहेबांच्या हातात दिला. झालं, म्हणजे आता सुटली पोर, असं तिला वाटलं.

साहेबांनी सोबत पट्टा ताणून बघायचा एक लोखंडी शिकंजा आणला होता. तुकड्याची दोन्ही टोकं त्यात अडकवून ते दांडा फिरवू लागले. पट्टा ताठ झाला, करकरला आणि फाटला. पण टीप उसवली नव्हती. दोरा जागच्या जागी शाबूत होता. पट्टाच फाटला होता, नेमका आडव्या टिपांच्या रेघेवर, वहीचं पान भोकांच्या ओळीवरून फाडावं तसा सरळ.

मेलेल्या रंगाऱ्याचा पट्टा त्यांनी शेजारी ठेवला. तोही तसाच फाटलेला.

"टीप कमी नाहीये, मावशी. जास्त आहे," साहेब म्हणाले. "पट्ट्याचा सगळा भार लांबीतल्या उभ्या धाग्यांवर असतो. आडवी टीप घातली की सुई ते धागे कापत जाते. एकदा घातली तर एकदा कापले, पाचदा घातली तर राहिलं काय? त्या कागदावर लिहिलंय, आडवी टीप घालू नये."

थोरली खिळ्याकडं बघत राहिली. मग धाकटीकडं. पोर उठून मशीनपाशी उभी होती.

"मी काही कमी नव्हतं केलं, आई," धाकटी हळू म्हणाली. "माणूस लटकणार आहे म्हणून मी उलट एक टीप जास्तच घालायची."

सुनेला वाचवायला थोरली खोटं बोलली होती, आणि त्या खोट्यातलं एक अक्षरही खोटं निघालं नव्हतं. त्या माणसाला तिनंच मारलं होतं. कुणाची घाई नाही, कुणाचा आळस नाही. तिच्याच शिकवणीनं मारलं होतं.

साहेबांनी वही उघडली, पण नाव लिहिलं नाही. "ही आडवी टीप इथं आणखी कोण घालतं?"

एकेक मशीन बंद होत गेली. कुणी हातातला पट्टा उलटा करून बघत होतं, कुणी तो मांडीवरून खाली सरकवला. दाराजवळच्या बाईनं तोंडाला पदर लावला. तिचा भाऊ इमारतींच्या काचा पुसायला जायचा, आणि त्याच्यासाठी पट्टा तिनं स्वतः इथूनच नेला होता.

"सगळ्या," थोरली म्हणाली. "मीच शिकवलंय सगळ्यांना."

"किती दिवसांपासून?"

"पहिल्या पट्ट्यापासून."

साहेबांनी वही मिटली आणि खिशातून फोन काढला. नंबर लावता लावता त्यांनी मालकांना विचारलं, माल कुठं कुठं गेला. मालकांचा चेहरा उतरला होता. बऱ्याच ठिकाणी, ते म्हणाले, नक्की सांगता यायचं नाही, पुढं दुकानदारांनी विकला.

सकाळचे साडेदहा वाजले होते. उंचावरची कामं सगळीकडं सुरू झाली होती.