शून्यावर न येणारा काटा

मत्ते मास्तरांनी दुरुस्त केलेलं घड्याळ परत आलं, असं आमच्या सँतिमिए गावात कधी घडलं नव्हतं. त्या मंगळवारी घडलं.

घड्याळ बोरेलबाईंच्या वडिलांचं. त्यावर त्या स्कीच्या शर्यतींची वेळ मोजतात. एका कळीने मोजणी सुरू करायची, थांबवायची आणि दुसऱ्या कळीने मोठा सेकंदकाटा शून्यावर आणायचा. सर्व्हिसिंग झाल्यापासून तो शून्याच्या आसपास कुठेही डगमगत थांबायचा. मास्तरांना लागू नये म्हणून बाई हे अगदी हळू बोलल्या. त्यांना लागायचं ते लागलंच.

दोन दिवस त्यांनी सगळं करून पाहिलं. काटा काढून पुन्हा बसवला, कळीची स्प्रिंग तपासली, तेल पुसून परत दिलं. तिसऱ्या दिवशी भिंग काढून ठेवलं आणि म्हणाले, डोळे गेले माझे, कुठेतरी चुकलंय आणि मला दिसत नाही. त्यांनी हत्यारं फडक्यात गुंडाळली आणि खिडकीजवळचं टेबल मला, त्यांच्या हाताखाली काम करणारीला, देऊन टाकलं. स्वतः मागे शेगडीपाशी जाऊन बसले.

खरं सांगते, त्या खिडकीवर माझा अकरा वर्षं डोळा होता. तो उजेड दुसरीकडे कुठे मिळत नाही. शुक्रवारी सकाळी मी माझं अर्धवट राहिलेलं काम तिथे नेलं. तेही त्याच जातीचं घड्याळ, बोरेलबाईंच्या घड्याळाच्याच आठवड्यात सर्व्हिसिंगला आलेलं. याचा सेकंदकाटा नीट यायचा, पण मिनिटं मोजणारा छोटा काटा डगमगायचा. आधीच्या कारागिराला मनात शिव्या देत मी कानस उचलली, आणि हात तिथेच थांबला.

काटे शून्यावर आणते ती दोन टोकांची हातोडी. काट्यांखालच्या बदामाच्या आकाराच्या दोन चकत्यांवर ती एकदम आपटते. जुन्या घड्याळांत ती टोकं कानशीने घासून त्या एकाच घड्याळापुरती जुळवलेली असतात. दिसायला मात्र सगळ्या हातोड्या सारख्या. मास्तरांच्या घड्याळात एक टोक आखूड पडत होतं, माझ्या घड्याळात दुसरं.

मी दोन्ही घड्याळं उघडली, हातोड्यांची अदलाबदल केली आणि कळ दाबली. काटे शून्यावर येऊन गप्प उभे राहिले. दोन्हीकडे.

आणि मग मला तो दिवस आठवला. सुटे भाग धुवायचं काम माझं. ‘एक घड्याळ, एक ताट’ हे मास्तरांनी पहिल्याच दिवशी शिकवलेलं. त्या दिवशी मैत्रिणीकडे फाँड्यूला, वितळलेल्या चीजच्या जेवणाला, जायची घाई, म्हणून मी दोन्ही घड्याळांचे भाग एकाच जाळीत धुतले होते. वेगळे काढताना हातोड्या इकडच्या तिकडे झाल्या.

बोलले नसते तर कोणाला कळलं नसतं. बोरेलबाई खूश झाल्या असत्या, खिडकी माझी झाली असती. मागे मास्तर रिकामे हात शेगडीवर धरून बसले होते. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या हातांना काय करावं ते सुचत नव्हतं. माझ्याच्याने ते बघवेना.

“मास्तर, डोळे ठणठणीत आहेत तुमचे,” मी म्हणाले. “हातोड्या बदलल्या होत्या. दोन्ही घड्याळं मी एकाच जाळीत धुतली.”

ते माझ्याकडे वळले. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली.

“का?”

“फाँड्यूला उशीर होत होता.”

“चांगलं होतं का निदान?”

“चीज करपलं होतं.”

त्यांनी फडकं सोडलं. हत्यारं एकेक करून काढली, भिंग शर्टाला पुसलं आणि माझ्यामागे येऊन उभे राहिले.

“मग ऊठ की पोरी माझ्या खुर्चीवरून.”