रसभरीचं बोरन्हाण

आईशप्पथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे! कुणाला शंका असेल त्यानं ग्वाल्हेरला माधवगंजात यावं, मागच्या अंगणातली रसभरीची क्यारी दाखवते.

मागच्या रथसप्तमीला आम्ही माझ्या नातीचं, अंतराचं, बोरन्हाण केलं. काळं परकर-पोलकं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेली. मी वरून चुरमुरे आणि बोरं ओतली, अन् एक टणक बोर नेमकं तिच्या कपाळावर बसलं. तिनं असं भोकाड पसरलं की पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिऱ्यातली माणसं घराबाहेर आली. "आजी मारती है!" बंगलोरला परत जाईपर्यंत माझ्या मांडीवर आली नाही.

बोरन्हाण पाच वर्षांपर्यंतच करतात. म्हणजे हिचं आता एकच उरलं. मी ठरवलं, यंदा बोरं बिल्कुल नाहीत. रसभरी. छोटी पिवळी फळं, कागदासारख्या पापुद्र्यात गुंडाळलेली, डोक्यावर पडली तरी कळायची नाहीत. फोनवर सांगितलं तर पोर विचारते, "पक्का? लगेगा नहीं ना?"

"लागली तर मला फटके मार."

"ओके, आऊंगी."

झालं. पावसाळ्यात बी टाकलं. झुडपं अशी माजली, अशी माजली, की गल्लीतली बकरी आत शिरली ती बाहेर आली तेव्हा मागे दोन पिल्लं होती.

पौषात ठंडी पडली, दंवानं पानं काळी पडायला लागली. मग मी ट्रंक उघडली. यशोधनचे, म्हणजे माझ्या मुलाचे, शाळेतले स्वेटर एकेका झुडपाला घातले. सगळ्यात मोठ्याला ह्यांचा कोट. हे जाऊन बरीच वर्षं झाली, पण नवा दूधवाला फाटकातून ओरडला, "बाबूजी, राम राम!" मी म्हटलं, "जरा ऊँचा सुनते हैं," म्हणजे कानानं कमी. तेव्हापासून तो रोज झुडपाला राम राम करून जातो. घर इतकं भरलेलं कितीतरी दिवसांत दिसलं नव्हतं.

रसभरी तोडायची नसते. हिरवा पापुद्रा वाळक्या गवतासारखा झाला की ती आपणहून खाली पडते. सकाळी जायचं आणि वेचायची. वेचता वेचता परात भरली.

रथसप्तमीच्या आदल्या दिवशी यशोधनचा फोन.

"आई, फ्लाइट कॅन्सल झाली. ग्वाल्हेरला फार कोहरा आहे म्हणे."

"कुठला कोहरा? मला इथून किल्ला दिसतोय!"

किल्ला कुठला, फाटकसुद्धा दिसत नव्हतं.

"पुढच्या आठवड्यात बघतो ना."

"रथसप्तमी गेली की बोरन्हाण नसतं रे."

"मग पुढच्या वर्षी करू."

"पुढच्या वर्षी ती पाचाच्या पुढे गेलेली असेल."

"आई, प्लीज. असं काय करतेस?"

मागे कार्टूनचा आवाज येत होता. अंतराला फोन दे, असं मी म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सुलोचनाबाई आल्या. पाट बघितला, परात बघितली.

"पोरगी नाही आली?"

"नाही."

"मग ह्याचं काय, लोणचं घालणार? बसा पाटावर."

"अहो, पंच्याहत्तरीत बोरन्हाण?"

"पाचाच्या पुढचं कोण मोजतंय! बसा. गुडघे सांभाळून."

काळी शाल पांघरून बसले. त्यांनी अख्खी परात माझ्या डोक्यावर रिकामी केली. सळसळ, सळसळ. एकही लागली नाही, फुलं पडावी तशी पडली. आम्ही दोघी इतक्या हसलो की माझी कवळी निसटून रसभऱ्यांत पडली.

बरं, एक गोष्ट मी पदरची घातली. सुलोचनाबाई दिवाळीतच मुलाकडे इंदूरला गेल्या, त्यांच्या दाराला कुलूप आहे. परात मीच दोन्ही हातांनी वर धरली. बोरन्हाणात खाली पडलेलं वेचायला पोरं तुटून पडतात ना, तसं काही झालं नाही. पाटावरून उठायला जरा वेळ लागला. मग सगळ्या मीच वेचल्या.